चोचीच्या लोकांची भाषा : कल्पित वंशासाठी नवी भाषा कशी घडवावी

फँटसी कादंबरीतल्या एखाद्या वंशाची भाषा खोटी वाटते, तेव्हा बहुतेकदा कारण एकच असतं. ती एका दुपारी बसून बनवलेली दिसते. सगळ्या नामांचं अनेकवचन एकाच प्रत्ययाने होतं, प्रत्येक शब्दाला मराठीत एकच नेमका प्रतिशब्द सापडतो आणि अपवाद कुठेच नसतो. बोलल्या जाणाऱ्या भाषा अशा नसतात. ‘माणूस’चं ‘माणसाला’ होतं, ‘पाऊस’चं ‘पावसात’ होतं. हे कुणी ठरवलेलं नाही, शेकडो वर्षांच्या उच्चारांच्या झिजेतून ते उरलेलं आहे.

म्हणून इथे सांगितलेली पद्धत उलट्या बाजूने जाते. आधी त्या वंशाची जुनी भाषा बनवायची, लहान आणि नियमित. मग तिच्यावर ध्वनिबदलाचे तीन-चार नियम ठरलेल्या क्रमाने चालवायचे आणि जे हाती येईल ती आजची भाषा मानायची. ‘लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ लिहिणाऱ्या टॉल्किन यांच्या क्वेन्या आणि सिंदारिन या दोन कल्पित भाषा अशाच एका मूळ भाषेतून वेगवेगळ्या नियमांनी वाढवलेल्या आहेत. मराठी माणसाला हे काम तसं सोपं जावं, कारण त्याची हत्यारं शाळेतच हातात दिलेली असतात: वर्णमाला, विभक्ती, प्रयोग, तत्सम आणि तद्भव.

लेखभर एकच उदाहरण वापरलं आहे. समुद्रकड्यांवर राहणारा, पंख आणि चोच असलेला एक वंश घ्या. त्याचं नाव ‘नेखार’. ओठ नाहीत. प्रत्येक पायाला पुढे तीन आणि मागे एक अशी चार नखं.

किती भाषा हवी आहे?

हे आधी ठरवा, नाहीतर काम संपत नाही. फक्त गावांची आणि माणसांची नावं हवी असतील तर ध्वनींचा तक्ता आणि ४० मूळ शब्द पुरतात. कादंबरीत दहा-वीस वाक्यं, एखादी शपथ, एखादी शिवी हवी असेल तर १५० ते २०० मूळ शब्द आणि चार-पाच पानांचं व्याकरण लागतं. गाणी, शिलालेख किंवा नटांनी बोलायचे संवाद असतील तर ५०० शब्दांच्या पुढे जावं लागतं. पहिल्यांदा करणाऱ्याने मधली पातळी धरावी. दोन हजार शब्दांचा कोश आधी करून व्याकरण मागून जोडायला गेलात, तर व्याकरण ठरताच त्यातले बहुतेक शब्द पुन्हा लिहावे लागतात.

पायरी १ : ध्वनींचा तक्ता

कोरा कागद घेऊन त्यावर आपली वर्णमाला लिहा: क-वर्ग, च-वर्ग, ट-वर्ग, त-वर्ग, प-वर्ग, मग य र ल व, श ष स ह, ळ. हा मुळात उच्चारस्थानांचा तक्ता आहे. कंठापासून ओठांपर्यंत क्रमाने सरकतो, आणि आडव्या ओळीत अघोष, महाप्राण, घोष आणि नासिक्य हा भेद दिसतो. जगातल्या पुष्कळ लेखकांना हा तक्ता वेगळा शिकावा लागतो.

आता एकेक अक्षर सुटं खोडू नका, ओळी आणि स्तंभ खोडा. नेखारांना ओठ नाहीत, म्हणून अख्खा प-वर्ग गेला, ‘व’ गेला आणि ओठांचा गोल करावा लागणारे उ, ऊ, ओ हे स्वरही गेले. पोपट ओठांशिवाय ‘मिठू’ म्हणतो हे खरं आहे. तो आवाज गळ्याखालच्या वेगळ्या अवयवातून काढतो. त्यामुळे शरीररचनेचं कारण लेखकाने स्वीकारलेलं असतं, ते निसर्गाने लादलेलं नसतं. पण एकदा स्वीकारलंत की शेवटपर्यंत पाळा. तिसऱ्या प्रकरणात एखाद्या नेखाराचं नाव ‘भोरुम’ निघालं तर सगळी मेहनत वाया गेली.

उरलेल्यातून निवडलेले ध्वनी: क ख ग, त थ द न, च, श स, र ल ळ, ह. ही १४ व्यंजनं. स्वर पाच: अ, आ, इ, ई, ए. एकूण १९. हा आकडा लहान वाटेल, पण हवाई बेटांच्या भाषेत आठच व्यंजनं आहेत आणि तिचं काही अडत नाही. उलट टोकाला कॉकेशसमधली उबिख भाषा होती. तिच्यात ८० हून अधिक व्यंजनं होती, आणि तिचा शेवटचा अस्खलित भाषक १९९२ मध्ये वारला. नवख्याने १५ ते २५ ध्वनींच्या मध्ये राहावं. त्याहून जास्त घेतले तर वाचकाला भाषेचा वेगळा सूर ऐकू येत नाही, सगळंच मिसळून जातं.

चूक कुठे होते? मराठीतले सगळे ध्वनी तसेच ठेवून वर दोन विचित्र ध्वनी जोडले जातात. भाषा परकी वाटते ती बहुतांशी तिच्यात काय नाही यामुळे. एकही ‘म’ नसलेलं अख्खं वाक्य मोठ्याने वाचून पाहा, लगेच कळेल.

पायरी २ : अक्षराचा साचा

अक्षर म्हणजे इथे एका स्वराभोवती एका दमात उच्चारला जाणारा तुकडा: ‘सि-राक’ दोन अक्षरी. त्यात कुठला ध्वनी कुठे येऊ शकतो ते लिहून ठेवा. जुन्या नेखारीसाठी साचा असा (पुढच्या ध्वनिबदलांनी तो थोडा बदलेल): सुरुवातीला एक व्यंजन किंवा काहीच नाही, मग स्वर, मग हवं तर क, त, च, न, र, ल, श, स यांपैकी एक व्यंजन. शब्दारंभी जोडाक्षर नाही. ‘ळ’ फक्त शब्दाच्या पोटात, तोही दोन स्वरांच्या मध्ये. बहुतेक शब्द दोन अक्षरी, फार झालं तर तीन अक्षरी.

यानंतर अर्थ न ठरवता ५० पोकळ शब्द लिहा. ध्वनी समान वाटू नका. कुठल्याही भाषेत काही ध्वनी सारखे भेटतात, काही क्वचित. नेखारीत न, र, ए पुष्कळ, ख आणि थ थोडे, ळ अगदी विरळा. ५० पैकी निदान १५ शब्दांत ‘र’ असू दे आणि ‘ळ’ दोनातच. ही असमानताच भाषेला चेहरा देते.

मग यादी दुसऱ्या कुणाला तरी मोठ्याने वाचायला द्या. मराठी, हिंदी किंवा कोंकणीत ज्याला आधीच अर्थ आहे असा शब्द सापडला तर काढा. ‘नाक’, ‘तेच’, ‘हाकान’ असले शब्द लिहिणाऱ्याच्या नजरेतून हमखास सुटतात, वाचकाच्या सुटत नाहीत. अश्लील अर्थाचं तर बोलायलाच नको. ती तपासणी दोन-तीन जिल्ह्यांच्या माणसांकडून करून घ्यावी.

पायरी ३ : देवनागरीत कसं लिहायचं

बाहेरच्या कुठल्याही मार्गदर्शकात हा भाग मिळणार नाही, आणि मराठीत लिहिणाऱ्याचा सगळ्यात मोठा घोटाळा इथेच होतो. तुम्ही मनात जे उच्चारता ते वाचक उच्चारेलच असं नाही.

मराठी वाचक शब्दाच्या शेवटचा ‘अ’ खातो. ‘तिहान’ लिहिलंत की तो ‘तिहान्’ म्हणतो. म्हणून भाषेत शेवटी खरा ‘अ’ ठेवूच नका, हवा असेल तर ‘आ’ करा. मधला ‘अ’ही तसाच जातो. ‘करतो’ आपण ‘कर्तो’ म्हणतो, तसंच तुमच्या ‘सिरकेन’चं ‘सिर्केन’ होईल. मधे स्वर ऐकू यायलाच हवा असेल तर तिथे आ, इ किंवा ए घाला.

शब्दाच्या शेवटी ऱ्हस्व-दीर्घ भेद वाचकाच्या कानाला लागत नाही, कारण मराठीत शेवटचा इकार दीर्घच लिहितात. तेव्हा फक्त शेवटच्या इ-ई वर अर्थ बदलेल असे दोन शब्द बनवू नका.

‘च’चे दोन उच्चार आहेत, ‘चिंच’ या एकाच शब्दात दोन्ही येतात. शब्दाच्या शेवटी आलेला च वाचक ‘वाच’मधल्यासारखा, दातांजवळून म्हणेल. त्याच्याशी भांडू नका, तुमच्या भाषेचा उच्चारही तोच माना.

आणि नावांच्या मध्ये स्वल्पविरामासारखी चिन्हं टांगू नका. त्या चिन्हाचा निश्चित उच्चार, म्हणजे कंठातला झटका किंवा दोन स्वरांमधली फारकत, तुम्ही ठरवलेला असेल तरच ते वापरा.

पायरी ४ : जुनी भाषा आणि तिची झीज

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या.

मराठी कशी झाली ते आधी पाहा. हस्त → हत्थ → हात. सप्त → सत्त → सात. कर्ण → कण्ण → कान. सर्प → सप्प → साप. चारही शब्दांवर एकच गोष्ट घडली आहे: जोडाक्षरातली दोन व्यंजनं सारखी झाली, मग त्यांतलं एक गळलं आणि भरपाई म्हणून आधीचा स्वर लांबला. दुसरा नियम पाहा: नाम → नाव, ग्राम → गाव, श्यामल → सावळा. स्वरांमधला म सैल होऊन व झाला. नियम ध्वनीला लागतो, अर्थ काय आहे याची तो पर्वा करत नाही. हे एक तत्त्व पकडलंत तर तुमची भाषा आपोआप खरी वाटू लागते.

जुन्या नेखारीतले चार शब्द घ्या:

लकि – घरटं
सिराक – पंख
गेनात – लाट
तिहान – पिल्लू

जुन्या भाषेत अनेकवचनाचा एकच प्रत्यय आहे, ‘-इ’. सिराकि, गेनाति, तिहानि. अगदी नियमित. आता तीन नियम, याच क्रमाने:

१. इ, ई, ए यांच्या आधीचा क → च.
२. दोन स्वरांमधला त → द आणि क → ग.
३. शब्दाच्या शेवटचा ऱ्हस्व स्वर गळतो.

चालवून पाहू. सिराक तसाच राहतो, पण सिराकि → सिराचि → सिराच. गेनात तसाच, पण गेनाति → गेनादि → गेनाद. तिहान तसाच, आणि तिहानि → तिहान. म्हणजे आजच्या नेखारीत पंख ‘सिराक’, अनेक पंख ‘सिराच’. लाट ‘गेनात’, लाटा ‘गेनाद’. पिल्लू ‘तिहान’ आणि पिल्लंही ‘तिहान’. वाचकाला तीन वेगळे अपवाद दिसतात. तुम्हाला ठाऊक आहे की प्रत्यय एकच होता आणि तो पुसला गेला आहे. मराठीतही ‘एक दगड’ आणि ‘दहा दगड’ यांत फरक उरलेला नाही, तो शेवटचे स्वर गळल्यामुळेच.

क्रमाला फार महत्त्व आहे. वरच्या क्रमाने लकि → लचि → लच. नियम २ आधी चालवला तर लकि → लगि → लग. नियम ३ सगळ्यात आधी चालवला तर नुसतं ‘लक’ उरतं, पुढचे नियम लागायला जागाच राहत नाही. एकाच शब्दाची तीन रूपं. यातूनच बोली मिळतात: उत्तर कड्यावरचे नेखार घरट्याला ‘लच’ म्हणतात, दक्षिणेचे ‘लग’. माणूस कुठल्या टोळीचा ते एका शब्दावरून ओळखू येतं आणि त्यासाठी नवा कोश करावा लागत नाही.

आणखी एक फायदा. पुरोहितांची, मंत्रांची भाषा जुनी ठेवा. आपल्याकडे अग्नी आणि आग, हस्त आणि हात शेजारी-शेजारी नांदतात. एक संस्कृतातून थेट उचललेला, दुसरा प्राकृतातून झिजून आलेला. नेखारीत ‘लच’ म्हणजे रोजचं घरटं आणि ‘लकि’ म्हणजे पूर्वजांचं पवित्र स्थान. वाचकाला कुणी काही समजावलं नाही तरी दोन्हींतलं नातं त्याला जाणवतं.

नियम किती असावेत? तीन ते सहा. दहाच्या पुढे गेलात की शब्द इतके झिजतात की निम्मे एकमेकांसारखे होतात. आणि एखादा आवडता शब्द नियमातून वाचवण्याचा मोह टाळा. शब्द गोड आहे हे कारण पुरेसं नाही. वाचवायचाच असेल तर तो मंत्रातला किंवा शेजारच्या भाषेतून मागाहून आलेला ठरवा. आणि तपासत राहा: तिन्ही नियम चालून गेल्यावर देशी शब्दांत ‘कि’, ‘के’ आणि स्वरांमधला ‘क’, ‘त’ शिल्लक राहता कामा नये. यादीत ‘रेकेल’ दिसला तर तो एकतर उसना आहे किंवा तुमच्याकडून नियम सुटला आहे.

हे काम संगणकावर करायचं तर ध्वनिबदल चालवणारी मोफत साधनं आहेत. ‘लेक्सर्जी’ आणि मार्क रोझेनफेल्डर यांचं ‘एससीए टू’ ही त्यांतली दोन. फक्त त्यांना थेट देवनागरी देऊ नका. देवनागरीत ‘अ’ व्यंजनातच दडलेला असतो आणि साधनाला तो दिसत नाही, त्यामुळे ‘दोन स्वरांमधला’ हा नियम चुकीच्या जागी लागतो. आतलं काम रोमन अक्षरांत करा, प्रत्येक ध्वनीला एकच चिन्ह, आणि शेवटी देवनागरीत उतरवा.

पायरी ५ : व्याकरण

आधी शब्दक्रम. मराठीचा कर्ता-कर्म-क्रियापद हा क्रम जगात सर्वांत जास्त भाषांत आढळतो. इंग्रजीचा कर्ता-क्रियापद-कर्म त्याच्या खालोखाल. क्रियापद आधी येणाऱ्या भाषा कमी आहेत, आयरिश आणि वेल्श त्यांतल्या. कर्म पहिलं हा प्रकार फारच दुर्मिळ. मार्क ओक्रांड यांनी ‘स्टार ट्रेक’मधल्या परग्रहवासीयांच्या क्लिंगॉन भाषेसाठी कर्म-क्रियापद-कर्ता हा क्रम निवडला तो परकेपणासाठीच.

नेखारी क्रियापदापासून सुरू होते. त्याबरोबर काही गोष्टी ओघाने येतात. १९६३ मध्ये भाषाशास्त्रज्ञ जोसेफ ग्रीनबर्ग यांनी ३० भाषा तपासून दाखवलं की क्रियापद आधी ठेवणाऱ्या भाषांत ‘-वर’, ‘-खाली’, ‘-तून’ या अर्थाचे शब्द नामाच्या आधी येतात. आपल्याकडे क्रियापद शेवटी, म्हणून ‘झाडाखाली’. नेखारीत ‘खाली झाड’. विशेषणही नामानंतर. हे जुळवून घेतलं नाही तर वाक्य मोडकं वाटतं, का ते वाचकाला सांगता येत नाही.

काळ आणि अर्थ दाखवायला क्रियापदाला प्रत्यय. इथे नेखारांच्या जगण्यातून एक वैशिष्ट्य घ्या: उंचावरून पाहणाऱ्यांना कोणी स्वतः पाहिलं आणि कोणी ऐकलं हा फरक महत्त्वाचा. तुर्की भाषेत भूतकाळ सांगताना असा भेद क्रियापदातच दाखवतात. मग:

हिरेना तिहान दारेल सा लच.
पाहिला-(मी साक्षी आहे) पिल्लू समुद्र -तून घरटं.
‘पिल्लाने घरट्यातून समुद्र पाहिला, माझ्या डोळ्यांदेखत.’

हिरेनीक तिहान दारेल सा लच.
‘पिल्लाने घरट्यातून समुद्र पाहिला म्हणे.’

हे प्रत्यय कुठून आले तेही लिहून ठेवा. जुन्या भाषेत ‘हिरेन हा’ असे दोन शब्द होते, ‘हा’ म्हणजे डोळा. ‘हिरेन लीक’ मध्ये ‘लीक’ म्हणजे कान. सारखे एकत्र बोलले गेल्याने चिकटले आणि मधले ह, ल गळाले. प्रत्यय बहुधा असेच जन्मतात. मराठीतलं ‘घरामध्ये’ घ्या, त्यातलं ‘मध्ये’ आलं ते ‘मध्य’ या नामातूनच. कथेत याचा उपयोग मोठा आहे. खोटी साक्ष देणारा नेखार शब्दांत काहीच खोटं बोलणार नाही, फक्त ‘-ईक’च्या जागी ‘-आ’ वापरेल आणि सभा हादरेल.

लिंगांच्या जागी तीन वर्ग करा: उडणारे, चालणारे-पोहणारे आणि स्थिर. विशेषण त्याप्रमाणे बदलतं, जसं आपलं चांगला-चांगली-चांगलं. ‘रेश-’ म्हणजे मोठा. अजून न उडालेलं पिल्लू ‘तिहान रेशा’, पहिल्या उड्डाणानंतर ‘तिहान रेशी’. शिडाचं जहाज उडणाऱ्यांत, वल्ह्याचं चालणाऱ्यांत. वर्ग ठरवताना दहा-बारा नामं मुद्दाम अनपेक्षित जागी टाका. मराठीत ‘वाट’ स्त्रीलिंगी, ‘रस्ता’ पुल्लिंगी का, याला अर्थाचं कारण नाही.

सर्वनामांत ‘आपण’ आणि ‘आम्ही’ हा भेद मराठीत आहे, इंग्रजीत नाही. इंग्रजी मार्गदर्शक समोर ठेवून काम करणारे मराठी लेखकसुद्धा तो गमावून बसतात. ठेवा. थव्याने राहणाऱ्या वंशाला तो हवाच.

विभक्ती आठ असल्याच पाहिजेत असं नाही. नामाआधीच्या शब्दयोगींनी भागत असेल तर विभक्ती नकोतच. गुंतागुंत एका ठिकाणी साठू द्या, नेखारीत ती क्रियापदात आहे. सगळीकडे पसरली तर पुढच्या प्रकरणापर्यंत तुम्हालाच नियम आठवणार नाहीत.

पायरी ६ : मोजणी

दोन पायांची मिळून आठ नखं, म्हणून मोजणी आठावर. एक ते सात यांना स्वतंत्र शब्द, मग आठ ‘खेर’ आणि चौसष्ट ‘खेरास’. चार म्हणजे ‘हिन’. आपले १०० म्हणजे एक चौसष्ट, चार आठ आणि चार: ‘खेरास हिनखेर हिन’. नखांची संख्या बदलून मोजणी बदलणं आता तसं रुळलेलं आहे. पॉल फ्रॉमर यांनी ‘अवतार’ चित्रपटासाठी घडवलेल्या ना’वी भाषेत अष्टमान पद्धतच घेतली. म्हणून त्यावर समाधान मानू नका, थोडी झीज घाला. मराठीत एकोणीस, एकोणतीस असं ‘एक उणे’ चालत जातं आणि नव्याण्णवला अचानक थांबतं. असा एखादा खळगा तुमच्या अंकांतही असू दे.

पायरी ७ : शब्दसंग्रह

मॉरिस स्वाडेश यांची २०७ मूलभूत अर्थांची यादी आंतरजालावर मिळते. ती काय राहून गेलं हे तपासायला वापरा. वरपासून खालपर्यंत एकेक शब्द भरत गेलात, तर तुमची भाषा म्हणजे त्या यादीचं सांकेतिक रूप होईल.

अर्थांच्या सीमा वेगळ्या आखा. मराठीत आत्या, मावशी, काकू, मामी वेगळ्या, आणि साडूलाही स्वतंत्र शब्द. तुमच्या वंशात नात्यांचा कणा कशावर आहे? नेखारांत अंडं कोणी उबवलं यावर नातं ठरत असेल, तर जन्म देणारी आणि उबवणारी यांना दोन शब्द लागतील आणि ‘काका’ला कदाचित एकही नाही. डावं-उजवं नसेल, ‘वाऱ्याकडे’ आणि ‘वाऱ्यापाठी’ असेल. ऑस्ट्रेलियातली गूगू यिमिथिर भाषा डाव्या-उजव्याऐवजी दिशांनीच बोलते, तेव्हा हे जगात घडलेलं आहे.

दोन-तीन क्रियापदांवर खूप ओझं टाका. आपलं ‘लागणे’ घ्या: भूक लागते, आग लागते, वेळ लागतो, नोकरी लागते, वाटेत गाव लागतं, मन लागत नाही. नेखारीत ‘धरणे’ या अर्थाचं ‘सेल-’ असू दे: वारा धरणं म्हणजे उडणं, कडा धरणं म्हणजे लग्न, गप्प धरणं म्हणजे रागावणं. अशा एका क्रियापदाने वीस शब्दांचं काम वाचतं आणि भाषा वापरातली वाटते.

साधित शब्दांसाठी सहा ते आठ प्रत्यय पुरे: करणारा, जागा, लहान, उलट, साधन, भाववाचक. १५० मूळ शब्दांतून अशा रीतीने ५०० सहज निघतात. म्हणी आणि शिव्या शेवटी करा. आणि मराठी वाक्प्रचार नकळत शिरतात ते पकडा. ओठ नसलेल्या लोकांच्या ‘ओठांवर शब्द’ येत नाहीत, आणि खोल दरीत झेप घेणं ज्यांचं रोजचं काम त्यांना ‘पडणं’ वाईट वाटेलच असं नाही.

कोशाची नोंद स्प्रेडशीटमध्ये करा. स्तंभ सात: जुनं रूप, आजचं रूप, अनेकवचन, वर्ग, अर्थ, कुठून आला, कादंबरीत कुठे वापरला. शेवटचा स्तंभ लोक टाळतात. मग पन्नासाव्या पानावरचं ‘सिराच’ दोनशेव्या पानावर ‘सिराकी’ होतं.

लिपी, हवी असेल तर

लेखनाचं साधन आधी ठरवा, वळणं त्यातून येतात. मोडी बोरूने सलग, हात कमीत कमी उचलून लिहिली जाई. आधी ओळीची आडवी रेघ मारायची, मग तिच्याखाली अक्षरं. तिच्यात ऱ्हस्व-दीर्घ इकार-उकाराचा भेदही सहसा केला जात नसे. नेखार नखाने खडकावर कोरतात, म्हणून गोल नाही, आडवी बारीक रेघ नाही, तीन समांतर ओरखडे मात्र एका फटक्यात निघतात. १९ ध्वनींना १९ चिन्हं काढा, प्रत्येक चिन्ह घाईत २० वेळा लिहा, आणि घाईत जे रूप उमटेल ते पक्कं करा. फाँट हवा असेल तर फाँटफोर्ज हे मोफत साधन पुरतं. युनिकोड म्हणजे संगणकावर प्रत्येक अक्षराला क्रमांकाची जागा देणारी पद्धत. तिच्या मूळ पटलात खासगी वापरासाठी ६,४०० जागा राखून ठेवल्या आहेत, त्यांतल्या वापरा. देवनागरीच्या जागी चिन्हं बसवलीत तर दुसऱ्या संगणकावर तुमच्या शिलालेखाच्या जागी निरर्थक मराठी अक्षरं दिसतील. छापील पुस्तकात दोन-तीनच ओळी असतील तर सरळ चित्र म्हणून टाका.

तपासणी

भाषा पुरेशी झाली का, हे कळायला पुढची दहा वाक्यं तिच्यात लिहा: एक आज्ञा, एक प्रश्न, एक नकार, एक ‘जर-तर’, एक तुलना, एक मालकी दाखवणारं, एक ‘जो-तो’ असलेलं, एक कुणाचं तरी बोलणं सांगणारं, एक मोजणीचं आणि एक शपथ. जिथे अडाल तिथे व्याकरणात भोक आहे. ‘जो-तो’ आणि ‘जर-तर’वर जवळजवळ सगळे अडतात, कारण साधी वाक्यं करताना त्यांची आठवणच येत नाही.

मग कादंबरीत वापरा, तेही कमी. एका प्रकरणात परक्या भाषेचं एक पूर्ण वाक्य, फार तर दोन. अर्थ प्रसंगातून कळू दे, शेजारी कंसात भाषांतर नको. नावं मात्र सगळी तुमच्या तक्त्यातून आलेली हवीत, नकाशावरच्या शेवटच्या ओढ्यापर्यंत. हस्तलिखित छापायला देण्याआधी त्यातले सगळे नेखारी शब्द वेगळे काढून कोशाच्या यादीशी ताडून पाहा. प, फ, ब, भ, म, व यांपैकी एकही अक्षर त्यांत सापडलं तर तो शब्द बदला.